सोलल्याशिवाय वापरू नये

खोक्यातला माल मोजून घ्या

खोक्यात दोन कव्हरं, चिकटपट्ट्यांची एक पुडी आणि घडी घातलेला एक कागद, एवढंच होतं. कागदाच्या एका बाजूला चिनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला मुंगीएवढं इंग्रजी. जितेश मिणमिणेनं त्यावर फोन धरला आणि फोननं ते सगळं जमेल तसं मराठीत करून दिलं. या गोष्टीत मध्ये मध्ये जी शीर्षकं येतात ती त्या फोनची आहेत. व्याकरणाची तक्रार असेल तर त्याच्याकडे करावी.

खोक्याबाहेरचा माल मोजायचा तर आधी दुकान. कर्जत-मुरबाड रस्त्यावर, कशेळ्याच्या नाक्याला एक गाळा. आत गाड्यांचे दिवे, हॉर्न, वायरी, बल्ब. शटरच्या वर आतून उजळणारा अॅक्रिलिकचा बोर्ड: मिणमिणे ऑटो लाइट्स. मिणमिणे हे आडनाव इकडे कुणाला नवं नाही. मिणमिणे मास्तर आहेत, मिणमिणे दूधवाले आहेत, कुणी हसत नाही. पण जितेशनं त्यापुढे 'लाइट्स' लिहिलं आणि नाक्यावरच्या जीपवाल्यांची आयुष्यभराची करमणूक झाली. "मिणमिण्यांचा बल्ब टाकलाय," ते एकमेकांना सांगत, "कुनीतरी टॉर्च घेऊन गाडीच्या पुढं पळा रं!"

त्यात तो बोर्डच मुळी फिका. तीन वर्षांपूर्वी लावला त्या दिवसापासून त्याचा उजेड निळसर, मळकट, धुक्यातून आल्यासारखा. बोर्डवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, उन्हानं खुलेल. तीन उन्हाळे झाले, खुलला नाही. उलट त्याचा एक कोपरा वाऱ्यावर फडफडायला लागला. बोर्डाचा रंगच सुटतोय की काय या भीतीनं जितेशनं त्यावर सेलोटेप मारली. मग ती टेप सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक टेप मारली.

आणि शेवटी बाप. नामा मिणमिणे. दोन एकर भात, एक म्हैस आणि पोराच्या दुकानाबद्दल एक पक्कं मत.

"तुज्या दुकानात येतं कोण, जित्या? हॉर्न वाजत नाय म्हणून एक येतो, आन वाजायचा थांबत नाय म्हणून एक येतो. दोघं मिळून एकच माणूस हाय तो."

नामानं परस्पर साजगावला चिमामामाशी बोलून ठेवलं होतं. चिमामामा म्हणजे जितेशच्या आईचा भाऊ, तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर शिट्टी आणि टोपीसह उभा असायचा. सोमवारी सकाळी आठला दोन फोटो आणि आधार कार्ड घेऊन ये, शेजारचं गेट मोकळंच आहे, असा त्याचा निरोप होता. जितेशच्या डोळ्यांपुढे ते गेट आलं, ती टोपी आली, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा बंद पडलेला दिवा दिसूनही हात न लावता उभं राहायचं, हे आलं. त्याला जेवण गेलं नाही.

"बाबा, रविवारी एक गाडी येतेय. स्पोर्ट्स कार. नेरळच्या स्वराजशेठची."

"ती पोपटी? बेडकावानी बसलेली?"

"तीच. हेडलाइटला कव्हरं बसवायची हायत. हे काम जमलं तर…"

नामानं ताटातला भात एका बाजूला सारला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. "बरं. रविवारी दिवे लागायच्या आत तो शेठ स्वतःच्या तोंडानं बोलला, की काम बेस झालं, तर चिमाला मी नाय म्हणून सांगतो. नायतर सोमवारी आठला गेट."

"तोंडानं बोलला पायजे?"

"तोंडानं. मान हलवलेली चालणार नाय."

वाहन सपाट जागेवर उभे करा

सपाट जागा ही कशेळ्यात शोधायची गोष्ट आहे. रविवारी दहाच्या सुमारास ती गाडी आली तेव्हा जितेशला आधी तिचा आवाजच ऐकू आला, आणि तो इंजिनाचा नव्हता. मोठ्या पिशवीत पापड भरून कुणी ती पिशवी हलवत येतंय, तसा आवाज. गतिरोधक आला की गाडी तिरकी व्हायची, आधी एक चाक, मग दुसरं, मग बराच विचार, मग तिसरं. मागून आलेली शेअर जीप, त्यामागचा टेंपो आणि त्यामागची म्हैस असे सगळे ओळीनं थांबून बघत होते. म्हैस सगळ्यांत आधी कंटाळली आणि पुढे निघून गेली.

दार उघडलं आणि विहिरीतून वर यावं तसा स्वराज त्यातून बाहेर आला. आधी हात, मग डोकं, मग बाकीचा.

"जितूभाऊ, बघ काय हालत केलीय." त्यानं दिव्यांकडे बोट दाखवलं. रस्त्यावर खडीचे डंपर सारखे, आणि त्यांच्या मागे गाडी लावली की खडे उडणार ते थेट काचेवर. उजव्या काचेवर तीन टवके, डाव्यावर दोन. "अजून एक खडा बसला ना, तर नवीन हेडलाइट जर्मनीहून येतो. तोपर्यंत मी काय कंदील लावू?"

जितेश खाली वाकून आत डोकावला आणि पापडाचं कोडं सुटलं. सीटवर प्लास्टिक होतं. स्टिअरिंगवर होतं. दारांच्या आतून, गिअरच्या दांड्यावर, आरशाच्या मागे, पायाखाली. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि कंपनीनं घातलेला एकही कागद हललेला नव्हता.

"आईनं सांगितलंय," स्वराज म्हणाला. त्याच्या आईचं नाव सोनुबाई, आणि नेरळपासून इथपर्यंत तिचा शब्द गाडीपेक्षा वेगानं पोचायचा. "लग्न ठरेपर्यंत प्लास्टिक काढायचं नाही. नवरीनं येऊन काढायचं."

"मग ठरतंय का?"

"बघतायत." स्वराजनं विषय बदलला. "कव्हरं दाखव."

जितेशनं कव्हरं उजेडात धरली. निळसर, धुरकट, किंचित मळकट रंगाची होती ती. अॅक्रिलिकला असा रंग असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"स्मोक शेड!" स्वराज हरखला. "भारी आहे. असंच पाहिजे होतं."

गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर जितेशनंही मान हलवली. ती मान हलवली नसती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दिव्याची काच आत्म्याने पुसा

"कुणाच्या?" नामानं विचारलं.

तो म्हशीच्या मागून आला होता आणि पैज आपल्या डोळ्यांनी बघायला दुकानासमोरच्या बाकावर बसला होता. बाक आनंदीबाईंचा. आनंदीबाईंची चहाची टपरी दुकानाच्या बरोबर समोर, त्यामुळे जितेशचं प्रत्येक काम त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं.

जितेशनं फोन पुन्हा कागदावर धरला. फोन पुन्हा म्हणाला: आत्म्याने पुसा. स्वच्छ आत्मा असल्यास उत्तम.

"मंग आपल्या घरातला चालणार नाय," नामा म्हणाला. "माझा बाप गेला तेव्हा लई रागात होता."

"बाबा, गप ना."

"मी गपच हाय. कागद बोलतोय."

"इंजेक्शन देताना नर्स कापसानं लावते ते असंल रं ते," आनंदीबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "स्पिरिट. त्याचं ह्या फोननं भूत केलंय."

जितेशला आनंदीबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण रविवार असल्यानं औषधाचं दुकान बंद होतं. मग आनंदीबाईंनीच फळीच्या मागून कोरोनातली सॅनिटायझरची बाटली काढली. कुणी मागायला येईल म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती. जितेशनं दोन्ही काचा मन लावून पुसल्या. नामानं दोन्ही हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाला, "माफ करा हं, तुमची गरज पडली नाय."

चिकटवण्यापूर्वी कोरडा झटका येऊ द्या

इथे स्वराज दोन पावलं मागे सरला.

"शॉकचं काही असेल तर मी बाजूला उभा राहतो."

"बॅटरी सोड आधी," नामानं बाकावरून हुकूम सोडला.

पण हे जितेशला समजलं. दहा वर्षं हातानं काम केलेल्या माणसाला काही गोष्टी फोनपेक्षा लवकर समजतात. चिकटपट्टी न लावता कव्हर आधी नुसतं बसवून बघायचं, म्हणजे 'ड्राय फिट', एवढाच तो झटका होता. त्यानं डावं कव्हर काचेवर ठेवलं, हळूच सरकवलं, तळव्यानं चाचपलं. कडेला कड बसली. केसाएवढीही फट नाही. त्यानं उजवं ठेवलं, तेही बसलं.

त्याला बरं वाटलं. कव्हर नुसतं बसतं तेव्हा आवाज होत नाही, पण हाताला कळतं. हे गेटवर उभं राहून कळणार नव्हतं.

(इथे कागद फाटला आहे)

पाचवी पायरी पार्सलच्या चिकटपट्टीबरोबर गेली. खोका उघडताना स्वराजनं ती ओरबाडून काढली होती, आणि ती पट्टी आता आनंदीबाईंच्या कोंबडीच्या पायाला चिकटली होती. कोंबडी धरायला दोघं गेले, तिघं परत आले, कारण मध्ये एक जीपवाला सामील झाला. कोंबडी नाही आली, दुपार मात्र गेली. जितेशनं पाचव्या पायरीवर काय असेल याचा अंदाज बांधला आणि दोन्ही कव्हरं चिकटवून टाकली. अंदाज बरोबर होता. पाचवी पायरी 'चिकटवा' हीच असणार. नसती तर सहावीला काही अर्थ राहत नव्हता.

एक तास विश्रांती

घेतली. गाडीनं उन्हात, स्वराजनं टपरीत, नामानं बाकावर तोंड उघडून. जितेश जागा होता. तो घड्याळाकडे, मग कव्हरांकडे, मग बापाच्या उघड्या तोंडाकडे असं आळीपाळीनं बघत होता.

दिवे लावून तपासा

गाडी दुकानाच्या शटरकडे तोंड करून लावली. शटर खाली ओढलं, म्हणजे उजेड कसा पडतो ते दिसेल. स्वराज पुन्हा विहिरीत उतरला. प्लास्टिक कुरकुरलं. त्यानं दिवे लावले.

शटरवर दोन फिके निळसर डाग पडले. देवळातल्या समईची वात सरलेली असावी आणि त्यातच कुणी समईवर पातळ फडकं टाकावं, तसे.

नामा उठला, शटरजवळ गेला, डागावर बोट ठेवलं आणि आनंदानं, अगदी मनापासून म्हणाला:

"मिणमिणे!"

नाक्यावर उभ्या असलेल्या सगळ्या जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जितूभाऊ," स्वराज खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "शेड भारी आहे, पण समोर दिसलं तर पाहिजे ना यार. मी असा चाललो तर डंपर मला ओव्हरटेक करणार नाही, अंगावरूनच जाईल."

जितेशचे कान तापले. चार वाजत आले होते. त्यानं कागद परत हातात घेतला. कागदाच्या तळाशी अजून एक ओळ होती, ठळक अक्षरात, चौकटीत, बाजूला उद्गारचिन्ह. त्यावर त्यानं फोन धरला.

पूर्ण उजेडासाठी अंतिम पायरी: सोलणे. सोलल्याशिवाय वापरू नये!

"काय सोलायचं?" स्वराजनं विचारलं.

फोन त्यावर काही बोलत नव्हता. जितेशनं दुसऱ्यांदा धरला, तिसऱ्यांदा धरला, आडवा धरला. सोलणे. सोलल्याशिवाय वापरू नये.

इथे नामा पुढे आला. सकाळपासून त्याला या कागदातलं एक अक्षर समजलं नव्हतं, पण हे समजलं. तो छाती काढून उभा राहिला.

"नारळ," तो म्हणाला.

"काय?"

"अरं नारळ! गाडीला नवा सामान लावला, नारळ फोडला का तुमी? नाय ना? मंग उजेड कसा पडंल? चायनावाल्यांनाबी ठावं हाय. कागदावर छापून दिलंय बिचाऱ्यांनी. आन तुमी शिकलेली पोरं…"

जितेशनं स्वराजकडे बघितलं. स्वराजनं जितेशकडे. खरं सांगायचं तर दोघांनाही एकदम पटलं. स्वराजच्या आईनं गाडी घेतली त्या दिवशी चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. नारळाशिवाय गाडीचं काम पुरं होतं असं दोघांनीही जन्मात पाहिलं नव्हतं.

"किराणावाल्याकडून आणतो," स्वराज निघाला.

"थांब!" नामानं हात आडवा केला. "त्याच्याकडं समदे सोललेले असतात. कागदावर काय लिवलंय? सोलणे. म्हंजे आपन सोलायला पायजे. असोला नारळ लागंल."

असोला नारळ मिणमिण्यांच्या परसात होता. नामानं फोन करून बायकोला सांगितलं आणि अर्ध्या तासात विमलबाई शेअर जीपमधून उतरल्या. काखेत नारळ, हातात कोयता, कपाळावर आठ्या.

"कव्हरं बसवायला नारळ लागतो व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग रंग द्यायला सत्यनारायण घालाल."

"तू बघ गं नुसती," नामा म्हणाला.

आणि खरोखर बघण्यासारखंच होतं. नामा उकिडवा बसला, नारळ पायात धरला, कोयत्याचे तीन मोजके घाव घातले आणि सालीची, तीन पाकळ्या असाव्यात तशी, उलगड केली. शेंडी जाग्यावर. केस न् केस व्यवस्थित. जीपवाले गप्प झाले. जितेशला लहानपणी वाटायचं तसं वाटलं: आपला बाप असा काही सोलतो, की सोललेल्यालाही वाईट वाटत नसेल.

नामानं नारळ गाडीवरून ओवाळला. दिव्यांना एकेकदा दाखवला. मग पुढच्या चाकाजवळ ठेवलेल्या दगडावर दोन्ही हातांनी, पोराच्या दुकानावरचा सगळा राग एका फटक्यात काढून, तो आपटला.

नारळ फुटला. एक भकल इकडे, एक तिकडे, आणि करवंटीचा एक तुकडा, टोकदार, सरळ, उजव्या कव्हरावर.

खर्रर्र.

(इथे कागदावर काहीच नाही)

कव्हराच्या मधोमध एक वीतभर ओरखडा पडला होता. त्यावरून नारळाचं पाणी ओघळत होतं.

स्वराज आधी पांढरा झाला, मग गाडीच्याच रंगाचा. "आईला काय सांगू?" एवढंच तो म्हणाला.

जितेशला साजगावचं गेट दिसत होतं. दोन फोटो, आधार कार्ड. टोपी बहुतेक मोठी होणार आणि कानांवर बसणार.

नामा पैज जिंकला होता. दिवे लागायला अजून अवकाश होता, पण आता शेठ काम बेस झालं म्हणणं शक्यच नव्हतं. जीपवाले नामाकडे बघत होते, की आता तो काहीतरी म्हणेल. नामा उचललेल्या भकलाकडे बघत उभा होता. त्यातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडत होतं.

"जित्या," तो हळू आवाजात म्हणाला, "म्या मुद्दाम नाय केलं रं."

"मला ठावं हाय, बाबा."

"सरळ आपटला होता. दगडच तिरका होता."

"व्हय."

"तुमचं दगडाचं नंतर बगा," विमलबाई म्हणाल्या. "ते पानी पुसा आधी, चिकट व्हतंय." आणि कुणी फडकं आणायच्या आत त्यांनी पदराचं टोक घेऊन कव्हर पुसायला सुरुवात केली. विमलबाई कुठलीही गोष्ट हळू पुसत नसत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओरखड्यावरून हात फिरला आणि नख अडकलं.

"अगं आई गं! गाडीचं कातडं निघालं!"

ओरखड्याच्या कडेला पातळ, निळसर, धुरकट असं काहीतरी उचललं गेलं होतं. विमलबाईंनी सोडून द्यायला हवं होतं. पण आंब्याची कोय असो, भिंतीचा पोपडा असो, सुटलेली कड त्यांच्या हाताला लागली की त्यांना ती सोडवत नसे. त्यांनी ओढलं.

चर्रर्रर्र.

कव्हराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी साल एका तुकड्यात निघून आली. ओरखडा सालीबरोबर गेला. खाली जे कव्हर उरलं त्यात आभाळ दिसत होतं, आनंदीबाईंची टपरी दिसत होती, टपरीच्या छपरावर बसलेली कोंबडी दिसत होती, आणि तिच्या पायाला चिकटलेली पाचवी पायरी.

जितेशनं कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला.

"सोलणे," जितेश म्हणाला.

"सोलल्याशिवाय वापरू नये," स्वराज म्हणाला.

नामानं भकल खाली ठेवलं. "तरी मी म्हणत व्हतो," तो म्हणाला. "सोलायचंच व्हतं."

दुसऱ्या बाजूसाठी तेच परत

विमलबाई डाव्या दिव्याकडे वळल्या. स्वराज आडवा आला, अक्षरशः आडवा, बॉनेटवर पोटावर झोपून.

"काकी, नको! ती राहू दे! आईनं सांगितलंय, प्लास्टिक काढायचं नाही, लग्न ठरेपर्यंत…"

"आरं पन ते ठरंल कसं?" विमलबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पोरीकडची मानसं येतात ना बगायला?"

"येतात."

"त्यांना गाडीत बसवून फिरवतोस ना?"

"फिरवतो."

"उनाचं. ह्या प्लास्टिकावर. आन मंग ती उतरताना सीटवरनं आवाज कसला येतो?"

स्वराज बॉनेटवर पडल्या पडल्या विचारात पडला. त्याला तीन स्थळं आठवली असावीत. शेवटच्या स्थळातले मुलीचे मामा आठवले असावेत, भारदस्त, पांढऱ्या शर्टातले, गाडीतून उठताना जो आवाज झाला त्यानंतर कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता रिक्षानं परत गेलेले.

"तरीच," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मग विमलबाईंना कुणी थांबवू शकलं नाही. डावं कव्हर सोललं. सीट सोलल्या, दोन्ही. स्टिअरिंग, गिअर, दारं, आरसा, पायाखालचं, डोक्यावरचं. मध्येच त्या म्हणाल्या, "वाटाने सोलल्यावानी वाटतंय," आणि आनंदीबाई चहा सोडून मदतीला आल्या. स्वराज निघालेला प्रत्येक तुकडा गोळा करत होता, आईला दाखवायला, की काही टाकलं नाही. तो डिकीत ठेवायला गेला. डिकी पुढे होती आणि डब्याएवढी होती. उरलेलं प्लास्टिक त्यानं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला.

सूर्य डोंगराला टेकला होता.

स्वराज आत उतरला. आवाज आला नाही. त्यानं हळूच पाठ टेकली. आवाज आला नाही. त्यानं गाडी चालू केली, दिवे लावले, आणि शटरवर असा उजेड पडला की शटरची प्रत्येक पट्टी, पट्टीवरचा गंज, गंजावर कुणी खडूनं लिहिलेलं 'टॉर्च आणा' हेसुद्धा ठळक दिसलं. जीपवाले डोळ्यांवर हात धरून मागे झाले.

स्वराज काहीच बोलत नव्हता. डोळे मिटून बसला होता.

जितेशनं त्याच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. सूर्याची अर्धी भाकरी उरली होती. पैज बोलण्याची होती. शेठच्या तोंडात आपण शब्द घालायचे नाहीत, असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं. तो ओठ मिटून उभा राहिला.

राहवलं नाही ते नामाला.

"शेठ!" तो खिडकीशी वाकून म्हणाला. "काय ते बोला की!"

"थांबा ना काका. मी गाडी ऐकतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकू येतेय."

"नंतर आयका! आधी बोला, दिवे लागायला आले!"

"बेस," स्वराज डोळे न उघडता म्हणाला.

"काय बेस? पुरतं वाक्य बोला!"

"काम बेस झालं, काका. एकदम बेस."

नामा ताठ झाला, वळला आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडला, "बोलला! तोंडानं बोलला!" आणि मग आपण पैज हरलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं भकलातलं खोबरं काढून पोराच्या हातात दिलं.

आता आनंदी व्हा

"मी कशाला व्हायचं?" आनंदीबाई म्हणाल्या. "मी हायेच." आणि त्यांनी टपरीतला दिवा लावला.

जितेशनंही सवयीनं बोर्डाचं बटण दाबलं. निळसर, मळकट, धुक्यातून आल्यासारखं: मिणमिणे ऑटो लाइट्स. वारा सुटला होता. दोन टेपांखालचा कोपरा फडफडला.

विमलबाईंनी मान वर केली. त्यांच्या बोटांना अजून शिवशिव होतीच.

"जित्या, ते वर काय फडफडतंय रं?"

जितेशनं वर पाहिलं. मग गाडीतल्या, बेल्ट लावलेल्या सालीकडे पाहिलं. मग परत वर. तीन वर्षं. तीन उन्हाळे. दोन टेपा.

"आये," तो म्हणाला, "बोर्ड असोला हाय."

तो शिडी आणायला वळला, तर शिडी आधीच निघाली होती. नामा ती खांद्यावर घेऊन येत होता. "तू नको," तो म्हणाला. "तुला सोलता येत नाय." तो वर चढला, दातानं टेप तोडली, कोपरा धरला आणि नारळाच्या सालीला देतो तसा एकच मोजका हिसका दिला.

चर्रर्रर्रर्र.

आठ फुटांची साल त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून खाली आली आणि त्याला लपेटून बसली. बोर्ड पेटला. पांढरा, स्वच्छ, डोळे दिपवणारा. नाक्यावरच्या तिन्ही रस्त्यांवर मिणमिण्यांचा उजेड पडला. कोंबडीला सकाळ झाली असं वाटलं आणि ती छपरावर ओरडायला लागली.

"आता आडनाव बदलावं लागंल तुमाला," आनंदीबाई डोळे चोळत म्हणाल्या.

तेवढ्यात नामाच्या सदऱ्यात फोन वाजला. वर, शिडीवर, प्लास्टिकाच्या आत. त्यानं मोठ्या कष्टानं तो बाहेर काढला आणि कानाला लावला. खालून सगळे ऐकत होते.

"हां, चिमा, बोल… नाय, उद्या नाय येत तो… परवाबी नाय. त्याला काम लागलंय… कसलं म्हंजे?"

त्यानं खाली बघितलं. पोपटी गाडीच्या मागे दोन जीपवाले आपापल्या जीपचे दिवे बोटानं चाचपून बघत होते, कुठे कड सुटतेय का.

"सोलायचं," नामा म्हणाला.